वृद्धांच्या नर्सिंगला स्वतंत्र शाखा का नाही?

नागपुरात बीएस्सी नर्सिंग झालेल्या एखाद्या सिस्टरने पुढे वृद्धांच्या शुश्रूषेवरच शिकवायचं, संशोधन करायचं ठरवलं, तर एमएस्सीला त्या नावाची शाखा तिला सापडत नाही. मेडिकल-सर्जिकल, सामाजिक आरोग्य, मानसोपचार, बालरोग किंवा प्रसूती-स्त्रीरोग, यातली एक घ्यायची आणि तिच्या आडून आपला विषय पुढे न्यायचा. या अडचणीचं मूळ जुनं आहे.

आपल्याकडे नर्सिंगचं शिक्षण रुग्णालयाच्या गरजेतून वाढलं. वॉर्ड चालवायला माणसं हवी होती, म्हणून शाळा रुग्णालयाला जोडलेली. मुली शिकता शिकताच ड्युटी करायच्या. अमेरिकेत ॲडलेड नटिंग १९०७ साली कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात नर्सिंगच्या जगातल्या पहिल्या प्राध्यापक झाल्या. भारतात पदवी अभ्यासक्रम सुरू व्हायलाच १९४६ उजाडलं, तेही दिल्ली आणि वेल्लोरला. देशाच्या आरोग्यसेवेची आखणी सुचवणाऱ्या भोर समितीचा अहवाल त्याच वर्षीचा. पुढच्या वर्षी भारतीय परिचर्या परिषदेचा (नर्सिंग कौन्सिलचा) कायदा झाला आणि नागपुरात मेडिकल, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सुरू झालं. त्या काळी सरासरी आयुर्मान जेमतेम तिशीच्या आसपास होतं. बाळंतिणी, तान्ही मुलं आणि साथीचे रोग यांनाच अभ्यासक्रमात पहिली जागा मिळाली, आणि ते योग्यच होतं. चूक पुढे झाली. माणसं सत्तरी-ऐंशी गाठू लागली, तरी विषयांची ती मांडणी फारशी हलली नाही.

इंग्लंडमध्ये हा विषय एका नर्सनेच उभा केला. डोरीन नॉर्टन यांनी सहकाऱ्यांसोबत रुग्णालयातल्या वृद्धांच्या शुश्रूषेचा अभ्यास करून १९६२ साली तो प्रसिद्ध केला. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला, टाचांना जखमा होऊ नयेत म्हणून तेव्हा नाना तऱ्हेचे लेप, स्पिरिट चोळलं जाई. नॉर्टन यांना दिसलं की खरा फरक पडतो तो ठरावीक वेळाने कूस बदलल्याने. शारीरिक अवस्था, मानसिक अवस्था, चालणं-फिरणं, हालचाल आणि मल-मूत्रावरचा ताबा, अशा पाच बाबींना प्रत्येकी एक ते चार गुण देऊन बेरीज करायची. १४ किंवा त्याहून कमी आली तर अशा जखमा होण्याचा धोका, ही त्यांची मोजपट्टी. डॉक्टरांच्या राउंडची वाट न पाहता सिस्टरला स्वतः ठरवता येईल असं हे साधन आहे. मला ते फार मोलाचं वाटतं.

भारतात ज्येष्ठांचं राष्ट्रीय धोरण १९९९ साली आलं, आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा २००७ साली. २०११ च्या जनगणनेत साठीपुढच्यांची संख्या दहा कोटींवर गेली आणि त्याच सुमारास वृद्धांसाठीचा राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमही सुरू झाला. परिचर्या परिषदेने वृद्ध परिचर्येची एक वर्षाची पदविका आणली. ती वॉर्डात उपयोगी पडते, पण ट्यूटरपासून प्राध्यापकापर्यंत जायचं तर एमएस्सीच लागते.

आणि एमएस्सीचे प्रबंध? बरेचसे एकाच साच्याचे: आधी प्रश्नावली, मग माहितीचं सत्र, पुन्हा प्रश्नावली, आणि 'ज्ञानात लक्षणीय वाढ' हा निष्कर्ष. त्यातून शिकाऊ हाताला वळण लागतं, हे खरं. पण नागपूरचे प्रश्न वेगळेच आहेत. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारी, तहान कमी झालेली आजी दिवसाकाठी किती पाणी पिते? मुलं पुण्याला किंवा अमेरिकेत, आणि धरमपेठेतल्या घरात शुश्रूषेला नर्सिंग ब्युरोकडून आलेली बाई. आजोबांची कूस कशी बदलायची, हे तिला कोणी शिकवलं का? भंडारा-गोंदियाहून मेडिकलला आणलेल्या वृद्धाला सुट्टी मिळाली की गावी त्याची जखम कोण बघतं?

अशा प्रश्नांसाठी दोन उन्हाळे तरी घरोघर फिरावं लागेल. दोन वर्षांच्या एमएस्सीत, वर्ग आणि पोस्टिंग सांभाळून, ते होणं नाही. ते काम पीएचडीचं. आणि प्राचार्यपदासाठीसुद्धा पीएचडी बराच काळ 'असल्यास उत्तम' एवढीच राहिली.