गल्ल्यामागचा फोटो

बिल देताना बरेच जण गल्ल्यामागच्या मोठ्या फोटोकडे बोट करतात आणि विचारतात, "मालक, हे दुबई का ओ?" दुबई नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात मोहावे नावाचं वाळवंट आहे, त्यातल्या अ‍ॅम्बॉय गावच्या पेट्रोल पंपाची ही पाटी. पंपाचं नाव 'रॉयज'. रोज तेच तेच सांगून तोंड दुखायला लागलं, म्हणून हा कागद छापला. भाकरी येईपर्यंत वाचून होतो.

गाव रेल्वेने वसवलं. 1883 च्या सुमारास त्या वाळवंटात रूळ पडले आणि थांब्यांना इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने नावं मिळाली: अ‍ॅम्बॉय, ब्रिस्टल, केडिझ आणि पुढे तशीच. पाणी जमिनीखाली आहे, पण खारट. शेजारच्या कोरड्या तळ्यातून मीठच काढतात. प्यायचं पाणी रेल्वेच्या टाक्यांतून यायचं. जवळच्या बगदाद नावाच्या थांब्यावर 1912 ते 1914 या काळात सलग 767 दिवस पाऊस पडला नाही. आम्ही 72 च्या दुष्काळाच्या गोष्टी ऐकत मोठे झालो, तरी हा आकडा वाचून गप्प बसलो.

1926 साली शिकागो ते लॉस एंजेलिस रस्त्याला 66 नंबर मिळाला. तो अ‍ॅम्बॉयवरून जायचा. 1938 मध्ये रॉय क्राउल यांनी तिथे पंप आणि गॅरेज टाकलं. पुढे जावई बस्टर बरिस त्यांना येऊन मिळाले. लोकांना वाटतं अशी ठिकाणं जेवणावर चालतात. आमच्या मते ती बिघडलेल्या गाड्यांवर चालतात. रेडिएटर उकळला, टायर फुटला, की गाडी टोचन करून आणायची. दुरुस्ती होईपर्यंत माणूस बसणार कुठे? म्हणून कॅफे. रात्र झाली तर झोपणार कुठे? म्हणून खोल्या. आमचंही तसंच झालं. वडिलांनी आधी पंक्चरचं दुकान काढलं, चहाची टपरी नंतर आली. ट्यूब बुडवून बघायची ती पत्र्याची परात अजून मागे नळाखाली आहे. आता तिच्यात भांडी भिजतात.

फोटोतली पाटी 1959 ची, पन्नास फूट उंच. सपाट माळावर लांबून दिसावी, एवढाच तिचा हिशोब.

मग 1973 मध्ये उत्तरेकडून नवा मोठा हायवे निघाला, नंबर 40. रहदारी तिकडे वळली आणि अ‍ॅम्बॉयचा धंदा बसला. रस्ता तोच, पंप तोच, फक्त गाड्या नाहीत. हे दुःख आम्हाला कुणी समजावून सांगायला नको. पुणे-सोलापूर रस्ता चौपदरी झाला, आमच्यासमोरचा जुना नऊ नंबरचा हायवे बाजूला पडला, तेव्हा शेंगाचटणीचे डबे बरणीसकट घरी परत न्यावे लागले होते.

बरिस कुटुंबाने बरीच वर्षं तग धरला. 2005 मध्ये कोंबडीची हॉटेलं चालवणारे अल्बर्ट ओकुरा यांनी अख्खं गावच विकत घेतलं, 4,25,000 डॉलरला. 2008 मध्ये पंप पुन्हा सुरू झाला. पाटीचे दिवे मात्र लागले ते नोव्हेंबर 2019 मध्ये. ओकुरा 2023 मध्ये गेले. आमच्या धाकट्याने या पाटीचा फोटो शोधून, फ्लेक्सवर छापून आणला, तो हा.

आता कामाचं. पुण्याकडून येताना उड्डाणपुलावर चढू नका, खालच्या सर्व्हिस रोडने या. वर गेलात तर परत फिरायला लांब पडतं. पाण्याची बाटली भरायला पैसे लागत नाहीत, जेवा किंवा नका जेवू. टायरची हवा मागच्या बाजूला. आमची पाटी रात्री अकरापर्यंत लागलेली असते, लाइट गेली नाही तर.