गळ्याला सोपं, बोटांना अवघड: नवशिक्यांच्या नाताळगीतांची पूर्वपीठिका

नाताळच्या पंधरा-वीस दिवस आधी कीबोर्डच्या क्लासमधून मुलांच्या हाती एक कागद पडतो. ‘जिंगल बेल्स’ किंवा ‘सायलेंट नाइट’, एका पानात बसवलेलं. पाच रेषांवर टपोरे स्वर, प्रत्येक स्वराच्या पोटात त्याचं अक्षर छापलेलं, आणि डाव्या हाताला एका मापात एकच लांबलचक स्वर. जुन्या वळणाचे सर असा कागद पाहून नाक मुरडतात. पोरं अक्षरं वाचतात, सूर कुठे वाचतात! तक्रार रास्त आहे, पण तिचं वय निदान तीनशे वर्षं आहे. स्वराच्या जागी अक्षर छापायची युक्तीही साधारण तेवढीच जुनी. आणखी मागे गेलं तर असं दिसतं, की ज्या रेषांच्या लिपीचा सर अभिमान बाळगतात ती लिपीच मुळात नवशिक्यांची सोय म्हणून निघाली होती, आणि तीही भक्तिगीतं शिकवण्यासाठीच.

अकराव्या शतकातला इटलीतला एक मठ. तिथल्या मुलांना वर्षभराच्या उपासनेची गीतं पाठ करावी लागत, आणि गीतांची संख्या शेकड्यांत. शब्दांच्या डोक्यावर छोट्या खुणा असत. सूर चढतो की उतरतो एवढं त्या सांगत, किती चढतो ते सांगत नसत. म्हणजे चाल आधी ऐकली असेल तरच खुणांचा उपयोग. ग्विदो नावाच्या साधूने या खुणा रेषांवर बसवल्या, त्यातली एक रेष लाल आणि एक पिवळी केली, आणि स्वरांना नावं देण्यासाठी बाप्तिस्मा देणाऱ्या योहानावरचं एक स्तोत्र निवडलं. त्याच्या सहा चरणांपैकी प्रत्येक चरण आधीच्यापेक्षा एक स्वर वर सुरू होतो. चरणांच्या आद्याक्षरांतून उत, रे, मी, फा, सोल, ला ही नावं निघाली. पुढे ‘उत’चं ‘दो’ झालं. दहा वर्षांत जे गायन धड येत नसे ते आपण एका, फार तर दोन वर्षांत शिकवतो, असा त्याचा दावा होता. मठातल्या सोबत्यांना हे रुचलं नाही आणि पोम्पोसाचा मठ सोडून त्याला आरेत्सोला जावं लागलं. आज मुलांच्या पुस्तकात रंगीत स्वर दिसले की मला त्या लाल-पिवळ्या रेषा आठवतात.

पुढची काही शतकं भराभर ओलांडू. 1501 मध्ये व्हेनिसमध्ये पेत्रुच्चीने सुट्या खिळ्यांनी बहुस्वरी संगीत छापलं. 1524 मध्ये धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या बाजूची पहिली गीतपुस्तकं निघाली आणि गाण्याचं काम पुरोहित व गायकवृंदाबरोबर उपासनेला जमणाऱ्या सगळ्या मंडळीकडे आलं. इथून प्रश्न बदलला. मठातल्या मुलांना निदान वर्षभर बसवून शिकवता येत होतं. शेतकरी, सुतार, दुकानदार यांना रविवारच्या एका तासात काय शिकवणार?

या प्रश्नाला अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमध्ये जी उत्तरं मिळाली ती सगळ्यात मजेदार आहेत. तिथल्या प्युरिटन, म्हणजे कडव्या प्रॉटेस्टंट, मंडळींनी 1640 मध्ये स्तोत्रांचं पुस्तक छापलं ते नुसत्या शब्दांचं. चाली आल्या थेट 1698 च्या नवव्या आवृत्तीत, त्याही अवघ्या तेरा. दरम्यान पद्धत पडली होती ती अशी, की चर्चमधल्या एका वडीलधाऱ्याने एक ओळ म्हणायची आणि सगळ्यांनी ती मागोमाग गायची. आपल्याकडे आरतीला जसा प्रत्येकाचा स्वतःचा ठेका आणि स्वतःचा सूर असतो, तसंच तिथेही होऊ लागलं. एकच चाल दोन गावांत ओळखू येईना. 1721 मध्ये बॉस्टनजवळच्या जॉन टफ्ट्स या पाळकाने एक छोटं पुस्तक काढलं. त्यात रेषांवर स्वरचिन्हांऐवजी सरळ अक्षरं होती. फासाठी एफ, सोलसाठी एस, लासाठी एल, मीसाठी एम. स्वर किती लांबवायचा ते अक्षरापुढच्या टिंबांवरून कळायचं. यावर गदारोळ झाला. असं वाचून गाणं हा रोमन कॅथलिक पंथाकडे नेणारा रस्ता आहे, उद्या चर्चमध्ये वाद्यंही येतील, असे आक्षेप निघाले. वाद्यांच्या बाबतीत आक्षेप घेणाऱ्यांचं भाकीत खरं ठरलं, हे मान्य करायला हवं.

अक्षरांनंतर आले आकार. 1801 मध्ये फिलाडेल्फियात विल्यम लिटल आणि विल्यम स्मिथ यांचं पुस्तक निघालं. त्याच्या नावातच ‘सोपं’ हा शब्द होता. त्यात फा त्रिकोणी, सोल गोल, ला चौकोनी आणि मी चौकटच्या आकाराचा. स्वर रेषेवर आहे की घरात ते बघायचीही गरज उरली नाही, आकार दिसला की गळ्यातून नाव निघायचं. सात स्वरांना चारच नावं म्हणजे काही नावं दोनदा येणार, पण त्यांच्या जुन्या इंग्रजी रिवाजात ते चालत होतं. फिरते गायनशिक्षक गावोगाव आठवडे-दोन आठवडे तळ ठोकून या पुस्तकांवरून शिकवत. बॉस्टनकडच्या सुधारकांना हा प्रकार गावंढळ वाटे. त्यांचा म्होरक्या लोवेल मेसन. बॉस्टनच्या सरकारी शाळांत 1838 मध्ये संगीत विषय सुरू झाला तो त्याच्याच खटपटीने. आकारांची लिपी शहरांतून मागे हटली, पण दक्षिणेकडे टिकली. ‘अमेझिंग ग्रेस’चे शब्द इंग्लंडमध्ये 1779 सालीच छापले गेले होते, आज आपण ऐकतो ती चाल त्यांना जोडली गेली 1835 मध्ये, दक्षिणेतल्या विल्यम वॉकरच्या अशाच आकारांच्या पुस्तकात. चाल पाच स्वरांची आहे, सा रे ग प ध. भूप गुणगुणणाऱ्या मराठी माणसाला ती पहिल्या ओळीतच ओळखीची वाटते.

इंग्लंडमध्ये नॉरिचच्या सारा ग्लोव्हर या बाईंनी रेषाच काढून टाकल्या आणि स्वरांच्या आद्याक्षरांची शिडी केली. 1841 मध्ये हल इथे संडे स्कूलच्या शिक्षकांची परिषद भरली. गायन शिकवण्याची सर्वांत सोपी रीत शोधून काढा, असं काम परिषदेने जॉन कर्वेन या तरुण पाळकावर सोपवलं. त्याला स्वतःला स्वरलिपी वाचताना नाकी नऊ येत, आणि ही त्याची पात्रताच ठरली म्हणायची. त्याने ग्लोव्हरबाईंची कल्पना घेऊन टॉनिक सोल्फा ही अक्षरांची स्वरलिपी उभी केली. यात ‘दो’ कुठल्याही पट्टीत धरता येतो. आपल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. काळी एक असो की पांढरी चार, सा तो साच. मिशनऱ्यांबरोबर ही अक्षरलिपी आफ्रिकेत, मादागास्करला, पॅसिफिकमधल्या बेटांवर गेली. मिझोराममधल्या चर्चमध्ये आजही गीतपुस्तकं याच लिपीत छापतात आणि अख्खी मंडळी त्यावरून चार वेगवेगळ्या आवाजांत गाते.

इथवरचा सगळा खटाटोप गळ्यासाठी होता. बोटांचा प्रश्न एकोणिसाव्या शतकात उभा राहिला, मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात पियानो आला तेव्हा. 1861 मध्ये इंग्लंडच्या चर्चसाठी एक मोठं गीतपुस्तक सुरांसह निघालं आणि त्याची मांडणी पुढे रूढ झाली. वरच्या पाच रेषांवर बायकांचे दोन आवाज, खालच्या पाच रेषांवर पुरुषांचे दोन. चार माणसांनी एकेक आवाज धरला तर हे लिखाण साधं आहे. तेच पान पियानोवर ठेवून एकट्याने वाजवायचं म्हटलं की दर अक्षराला चार स्वर बदलतात, आणि डाव्या हातात खर्ज व त्यावरचा आवाज यांच्यात कधी कधी दहा पट्ट्यांचं अंतर पडतं. लहान मुलाचा पंजा आठ पट्ट्यांनाही पुरत नाही. शिवाय गळ्याला बऱ्या म्हणून निवडलेल्या पट्ट्यांत काळ्या पट्ट्या भरपूर.

सोप्या मांडणीचा कारागीर जे करतो ते इथे जन्मलं. चाल ठेवायची, मधले दोन आवाज गाळायचे, खर्जाचे मोजकेच स्वर राखायचे, आणि सगळं उचलून पांढरी एकवर आणायचं. लोवेल मेसनने 1836 मध्ये छापलेली ‘जॉय टु द वर्ल्ड’ची चाल घ्या. पहिलीच ओळ सां नि ध प म ग रे सा, अख्खं सप्तक पायऱ्या उतरल्यासारखं. गायला लहान मुलालाही जमतं. वाजवताना आठ स्वरांना पाच बोटं, म्हणजे अंगठ्यावरून मधलं बोट ओलांडून टाकणं आलं, आणि पहिल्या महिन्यात ते कोणाला येतं? मग मांडणी करणारा वरचे चार स्वर उजव्या हाताला देतो, खालचे चार डाव्याला. ऐकणाऱ्याला सांधा कळत नाही.

आपल्याकडे हाच पेच वेगळ्याच तऱ्हेने सुटला. पॅरिसमध्ये 1842 च्या सुमाराला द्ब्याँने हार्मोनियमचं पेटंट घेतलं ते पायाने भाता चालवायचं, दोन्ही हातांनी वाजवायचं वाद्य. भारतात ते मांडी घालून बसणाऱ्यांसाठी जमिनीवर आलं आणि भाता डाव्या हाताकडे गेला. डावा हात हवेच्या कामाला लागल्यावर त्याच्या वाट्याचे स्वर आपोआप गळले. म्हणजे पेटी हीच एक कायमची ‘सोपी मांडणी’ झाली. मराठी ख्रिस्ती उपासनेत तिची सोबत करायला कवी नारायण वामन टिळकांची गीतं होती. त्यांनी अभंग-ओवीच्या वळणाची रचना केली, म्हणून ती गीतं गळ्यातून गळ्यात गेली. ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक हाती घेऊन गाणाऱ्या बहुतेकांना रेषांची लिपी कधी लागलीच नाही.

गोव्यात गोष्ट उलट. पोर्तुगीज काळापासून तिथल्या चर्चच्या शाळांत मुलांना उपासनेसाठी स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत. तिथे तयार झालेली मुलं पुढे मुंबईच्या बँडांत आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत आली. समोर कागद ठेवला की वाचून वाजवणारे वादक मुंबईला हवेच होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. राहुलदेव बर्मन आणि प्यारेलाल यांना त्यांनी व्हायोलिन शिकवलं. धोबी तलावच्या फुर्तादोसमध्ये, हे 1865 पासूनचं दुकान, डिसेंबरात नाताळगीतांची पुस्तकं चाळणाऱ्यांत आज सगळ्या धर्मांची मुलं दिसतात, त्यामागे हाही इतिहास आहे.

विसाव्या शतकात पियानोच्या प्राथमिक पुस्तकांनी एक आसन पक्कं केलं. दोन्ही अंगठे मधल्या सावर, बोटं दोन्हीकडे पसरलेली, हात हलवायचा नाही. उजव्या हाताला सा रे ग म प एवढेच स्वर. मग शोध सुरू झाला तो या पाचांत मावणाऱ्या ओळखीच्या चालींचा, आणि ‘जिंगल बेल्स’चं ध्रुपद म्हणजे लॉटरीच. ग ग ग, ग ग ग, ग प सा रे ग. पुढे म येतो, शेवटी प प म रे सा. पाचाबाहेर एकही स्वर नाही. पण जेम्स पियरपाँटने 1857 मध्ये बॉस्टनला हे गाणं छापलं तेव्हा ध्रुपदाची चाल अशी नव्हती. आजची चाल नंतर कधीतरी लोकांच्या तोंडी बसली. नवशिक्यांसाठीची सगळ्यात यशस्वी मांडणी कोणा तज्ज्ञाकडून आलेली नाही, गर्दीने गाता गाता केलेली आहे. गाण्यात नाताळचा उल्लेखही नाही, आहे ती घोड्याच्या बर्फगाडीची मौज.

‘सायलेंट नाइट’चं नेमकं उलट. ऑस्ट्रियात साल्झबुर्गजवळच्या ओबर्नडॉर्फला 24 डिसेंबर 1818 च्या रात्री ते पहिल्यांदा गायलं गेलं. शब्द योझेफ मोर या तरुण धर्मगुरूचे, चाल फ्रांत्स ग्रुबर या शिक्षकाची. दोन आवाज, एक गिटार, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटच्या दोन ओळी गायकवृंदाने परत घ्यायच्या. म्हणजे मूळच सोपं होतं. पण चाल खालच्या सापासून तार मध्यमापर्यंत जाते, अकरा पट्ट्या. प ध प ग पर्यंत मूल खुशीत असतं, रें रें नि आलं की हात उचलावा लागतो आणि तिथेच गाडं अडतं. अशा ठिकाणी बोटांचे आकडे छापलेले असतील तर मांडणी करणाऱ्याने कधीतरी मुलांना शिकवलंय असं समजावं.

दरवर्षी तीच दहा-बारा गाणी का, याला सुरांइतकंच कायदाही कारणीभूत आहे. अमेरिकेत जुनं छापील गाणं 95 वर्षांनी मुक्त होतं. 1942 चं ‘व्हाइट ख्रिसमस’ त्या हिशेबाने 2038 पर्यंत बांधलेलं आहे, त्याची सोपी मांडणी छापायची तरी परवानगी आणि पैसे लागतात. ग्रुबर, पियरपाँट, मेसन यांच्या चालींना काहीच लागत नाही. म्हणून पहिल्या पुस्तकात तेच, आणि फुकट उतरवून घेतलेल्या पानावरही तेच. मात्र ग्रुबरची चाल कोणाचीही असली तरी त्या पानावर डाव्या हाताला दिलेले स्वर कोणाच्या मालकीचे, ते तळाशी, भिंग घेऊन वाचावं इतक्या बारीक अक्षरांत, बहुतेक वेळा छापलेलं असतं.