पातळ लॅपटॉप आणि परभणीचा मे महिना

"मामा, हा दुपारीच काहून रडायलाय?" सुटीत लातूरहून परभणीला आलेल्या भाचीने नवा लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. वजन सव्वा किलो, जाडी बोटाएवढीही नाही. सकाळी वीस मिनिटांत तयार होणाऱ्या व्हिडिओला दुपारी अर्धा तास पुरेना. व्हायरस-बियरस काही नव्हता. बाहेर ४२ अंश होते आणि खोलीवर पत्रे होते.

चिप जेवढी वीज खाते, तिची शेवटी जवळपास सगळी उष्णताच होते. पातळ लॅपटॉपमधल्या चिपा बहुधा १५ वॅटच्या आसपास बेतलेल्या असतात, तर जाडजूड गेमिंग लॅपटॉपमधल्या ४५ वॅट आणि वर. १५ वॅट ऐकायला किरकोळ वाटतात. आपला जुना 'झिरोचा' बल्बही साधारण तेवढीच वीज खायचा. पण इथे ती सगळी उष्णता नखाएवढ्या सिलिकॉनमध्ये तयार होते.

ती बाहेर काढायला तांबं लागतं, पंखा लागतो आणि हवेला वाट लागते. या तिन्हींना जागा हवी, आणि पातळपणासाठी कात्री लागते ती नेमकी तिथेच. आपल्याकडच्या जुन्या माळवदाच्या घरात दुपार उतरेपर्यंत ऊन आत शिरत नाही, कारण एवढी माती तापायलाच वेळ लागतो. पत्रा तासाभरात भट्टी होतो. भाचीचा लॅपटॉप म्हणजे पत्र्याचं घर. पहिली काही मिनिटं तो जाड लॅपटॉपच्या बरोबरीने पळतो (दुकानात आपण तेवढंच बघतो), मग आतलं थोडंसं धातू तापून जातं आणि चिप स्वतःच वेग उतरवते. वेग उतरला की व्होल्टेजही उतरवता येतं, त्यामुळे उष्णता वेगापेक्षा जास्त प्रमाणात कमी होते. म्हणजे तो रडत नव्हता, जीव वाचवत होता.

आता परभणीचा हिशेब. उष्णता किती झपाट्याने बाहेर पडेल, हे चिप आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. चिपची मर्यादा साधारण १०० अंश धरू. २५ अंशांच्या खोलीत फरक ७५ चा, ४२ अंशांत ५८ चा. तेवढ्याच पंख्याने जवळपास पाव उष्णता कमी बाहेर जाणार. अ‍ॅपल आपल्या लॅपटॉपसाठी १० ते ३५ अंशांच्या हवेत वापरा असं सांगते. आमच्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी ३५ कुठून आणायचे?

बॅटरीचं दुखणं वेगळं. जागा वाचवायला तिच्या पेशी पातळ पाकिटासारख्या असतात. उन्हाळ्यात लॅपटॉप सतत चार्जरला लावून १०० टक्क्यांवर ठेवला, की आतली रासायनिक झीज वाढते, वायू होतो आणि पाकीट फुगतं. टचपॅड वर आल्यासारखा वाटू लागला, क्लिक होईना, तर आधी बॅटरीवर संशय घ्या आणि लॅपटॉप वापरणं थांबवा. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय अनेक लॅपटॉपमध्ये असते. ती चालू करून ठेवावी.

अशा बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) आतल्या मुख्य पाटीवर, मदरबोर्डवरच डाख दिलेली असते, पुढे वाढवता येत नाही. याचा मला राग आहे, पण तो पुरता खरा नाही: चिपजवळ डाखलेली रॅम वीजही कमी खाते. केबल लावायचे पोर्टही पातळपणापायी असेच कमी झाले. २००८ साली स्टीव्ह जॉब्सने कागदी पाकिटातून पहिला मॅकबुक एअर काढला. सर्वांत जाड भागी तो १.९४ सेंटिमीटर होता आणि त्यावर यूएसबी पोर्ट एकच. आज आमच्या कॉलेजांतल्या प्रोजेक्टरला अजून जुनी व्हीजीए केबल लोंबते आणि पोरं अडॅप्टर विसरून येतात.

भाचीला मी गादीवर लॅपटॉप ठेवायला बंदी केली, कारण खालच्या जाळीतून तो हवा ओढतो. व्हिडिओचं काम आता ती पहाटे लावते. परवा भर दुपारी लाईट गेली. कूलर थांबला, माझा डेस्कटॉप तर न जतन केलेल्या फायलीसकट गेला. ती मात्र ओसरीवर बसून टाइप करत होती. संध्याकाळी लाईट आली तेव्हा तिची बॅटरी ३१ टक्क्यांवर होती.