ट्रायपॉडची भारक्षमता आणि ट्रायपॉडचा ताठपणा

ट्रायपॉडच्या खोक्यावर ‘भारक्षमता ८ किलो’ असे छापलेले असते, आपला कॅमेरा लेन्ससकट दीड किलोचा असतो, आणि मग हा ट्रायपॉड आपल्याला पुरून उरेल असा हिशेब मांडून आपण तो घेऊन टाकतो. हिशेब चुकीचा नसतो; तो फक्त भलत्याच प्रश्नाचे उत्तर देतो. ट्रायपॉड किती ओझे न घसरता आणि न मोडता पेलतो, हा एक गुण झाला. त्याच ओझ्यासकट त्याला वारा लागला किंवा बोटाचा धक्का बसला, तर तो किती कमी हलतो आणि किती लवकर पुन्हा स्थिर होतो, हा दुसरा. पहिला गुण म्हणजे भारक्षमता, जी प्रत्येक जाहिरातीत ठळक दिसते. दुसरा म्हणजे ताठपणा, जो खोक्यावर सहसा छापलेलाच नसतो; पण फोटो रेखीव येतो की पुसट, हे मुख्यतः त्याच्यावर ठरते. गडावर कॅमेरा घेऊन जाणाऱ्याला ट्रायपॉडचा प्रत्येक ग्रॅम स्वतःच्या पाठीवर चढवायचा असतो, त्यामुळे या दोन गुणांची गल्लत त्यालाच सर्वांत महाग पडते.

भारक्षमतेचा आकडा येतो कुठून, हे आधी पाहू. तो काढण्याची सर्व उत्पादकांनी पाळलेली अशी एक ठरलेली पद्धत नाही. पाय पूर्ण उघडून वरून सरळ खाली वजन वाढवत न्यायचे आणि पायांचे लॉक, म्हणजे नळ्या जागी घट्ट धरणाऱ्या पकडी, घसरू लागले की त्या वजनाचा काही हिस्सा सुरक्षित भार म्हणून जाहीर करायचा, ही झाली सावध रीत. घसरण्याच्या काठावरचाच आकडा छापायचा, ही दुसरी. त्यामुळे एका कंपनीचे ८ किलो आणि दुसरीचे ८ किलो यांची तुलना करण्यात फारसा अर्थ राहत नाही. शिवाय लांबीच्या दिशेने येणारा दाब सोसणे हे नळीला सर्वांत सोपे असते. करंगळीएवढी बारीक नळीसुद्धा उभ्याने बरेच वजन पेलते, आणि म्हणूनच एक किलोचा, पाच सेक्शनचा (प्रत्येक पायात एकात एक सरकणाऱ्या पाच नळ्या असलेला) प्रवासी ट्रायपॉडही आठ-दहा किलोंचा दावा प्रामाणिकपणे करू शकतो. डोंगरात मात्र संकट वरून येत नाही, वारा बाजूने येतो. आणि बाजूने लोटले की नळी दाबली जात नाही, ती वाकते.

वाकण्याचे गणित अगदी वेगळे आहे. भिंतीची जाडी तीच ठेवली, तर नळीचा ताठपणा तिच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे २२ मिलिमीटरच्या जागी २८ मिलिमीटरची नळी घेतली, तर व्यास जेमतेम सव्वापट होतो, पण ताठपणा दुपटीच्या थोडा वर जातो. लांबीचेही तसेच आहे, फक्त उलट्या दिशेने: एका टोकाला घट्ट धरलेली नळी दुप्पट लांब केली, तर तेवढ्याच धक्क्याने तिचे मोकळे टोक आठपट सरकते. त्यात दुर्बिणीसारख्या एकात एक सरकणाऱ्या पायात प्रत्येक खालचा सेक्शन वरच्यापेक्षा साधारण तीन-चार मिलिमीटरने बारीक असतो. २८ मिलिमीटरपासून सुरू होणाऱ्या चार सेक्शनच्या पायाचा तळाचा सेक्शन अठरा मिलिमीटरच्या आसपास भरतो. २२ पासून सुरू होऊन पाच सेक्शन असलेल्या पायाचा तळ दहाच्या आसपास येतो. घडी लहान होते, सॅकच्या बाजूच्या खिशात मावते, भारक्षमता कागदावर तशीच राहते, आणि ताठपणा मात्र निम्म्याहूनही खाली जातो.

मधला खांब, ज्याला आपण सेंटर कॉलम म्हणतो, तो या सगळ्यात सर्वांत फसवा आहे. तो वर काढला की तीन पायांच्या त्रिकोणाची मजबुती खांद्यापाशी, म्हणजे तिन्ही पाय वर जिथे जुळतात तिथे, संपते आणि त्यापुढे कॅमेरा एकाच उभ्या नळीच्या टोकावर डोलत राहतो. कॉलम वर काढल्याने भारक्षमता विशेष बदलत नाही, आणि म्हणूनच ‘उंची १६० सेंटिमीटर, भार ८ किलो’ ही दोन्ही विधाने एकत्र खरी असूनही त्या उंचीवर टेलिफोटोने, म्हणजे दूरचे जवळ आणणाऱ्या लेन्सने, एक रेखीव फोटो निघणे कठीण असते. माझे मत स्पष्ट आहे: ट्रेकसाठीच्या ट्रायपॉडला सेंटर कॉलम नसलेला बरा, आणि असलाच तर तो काढून घरी ठेवता येईल असा असावा.

किती हालचाल म्हणजे जास्त, याचाही अंदाज घेता येतो. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरवर एक पिक्सेल साधारण ६ मायक्रॉनचा असतो. २०० मिलिमीटरची लेन्स लावल्यावर एका पिक्सेलच्या वाट्याला एका अंशाचा जवळजवळ सहाशेवा भाग येतो, म्हणजे कॅमेरा तेवढा वळला तरी चित्र एक पिक्सेल पसरते. २४ मिलिमीटरच्या लेन्सला हेच प्रमाण अंशाचा सत्तरावा भाग इतके सैल असते. बारीक पायांचा ट्रायपॉड घेऊन समाधानी असलेली माणसे बहुधा वाइड लेन्सने काम करणारी असतात, आणि त्यांचे समाधान खरेच असते. तोच ट्रायपॉड दूरच्या सुळक्यांचे थर टिपायला निघालेल्या मित्राला उसना दिला, की तक्रारी सुरू होतात.

हा फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारखी जागा शोधूनही सापडणार नाही. कडा आत वळलेला, तोंड पश्चिमेला, आणि कोकणातून वर येणारा वारा कातळाला घासत थेट काठावर उसळतो. तिथे, काठापासून सुरक्षित अंतर राखून, ट्रायपॉड उभा करावा, २०० मिलिमीटरची लेन्स लावावी, लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या पडद्यावरचे थेट चित्र) दहापट मोठा करून समोरच्या कड्याची एखादी स्पष्ट धार पडद्यावर आणावी आणि एका पायावर बोटाने हलकेच टिचकी मारावी. बारीक पायांच्या ट्रायपॉडवर ती धार मोठ्या हेलकाव्यांनी डावीउजवीकडे झुलते आणि शांत व्हायला दोन-तीन सेकंद किंवा त्याहून अधिक घेते. जाड पायांवर ती एकदा बारीक थरथरते आणि जागच्या जागी थांबते. मग हात मागे घेऊन नुसते पडद्याकडे पाहत राहावे. वाऱ्याच्या प्रत्येक झोताबरोबर ती धार सरकताना दिसत असेल, तर दोन सेकंदांच्या टायमरने काही साधणार नाही, कारण टायमर बोटाचा धक्का टाळतो, वाऱ्याचा नाही. अशा वेळी सर्वांत खालचा सेक्शन आत सारून कॅमेरा कमरेइतक्या उंचीवर आणणे, हा हातातला सर्वांत परिणामकारक उपाय असतो.

बॉल हेडच्या, म्हणजे पायांच्या वर बसणाऱ्या आणि गोळ्यावर कॅमेरा हवा तसा वळवू देणाऱ्या भागाच्या, बाबतीत हीच गल्लत आणखी दाट होते. हेडवरचा ‘२० किलो’ हा आकडा अनेकदा वजन बॉलच्या बरोबर वर उभे असताना खरा असतो, आणि त्या स्थितीत बॉलला फिरवणारा जोर जवळजवळ शून्य असतो. कॅमेरा पुढे झुकवला, किंवा उभ्या चौकटीसाठी नव्वद अंशांत आडवा केला, की खरी परीक्षा सुरू होते. तिथे प्रश्न वजनाचा नसून वजन गुणिले बॉलच्या केंद्रापासूनचे आडवे अंतर, याचा असतो. दीड किलोच्या साधनाचा गुरुत्वमध्य दहा सेंटिमीटर बाहेर गेला, तर दीड न्यूटन-मीटरच्या जवळपास पीळ बॉलवर सतत येत राहतो. मोठ्या व्यासाच्या बॉलला पकडायला अधिक पृष्ठभाग आणि लांब तरफ मिळते, म्हणून ३० मिलिमीटरचा बॉल आणि ४० मिलिमीटरचा बॉल यांच्यावर छापलेला भार सारखा असला, तरी त्यांचे वागणे सारखे नसते.

हेडमधला दोष लॉक करताना दिसतो. चौकट नेमकी जुळवायची, नॉब आवळायचा, हात काढायचा, आणि पाहावे तर क्षितिज चौकटीत थोडे वर चढलेले असते, म्हणजे कॅमेरा नाकावर झुकलेला असतो. बॉल घसरलेला नसतो, कारण आणखी भार दिला तरी तो धरून राहतो. तो नुसता आपल्या जागी बसताना किंचित ओघळतो. भारक्षमतेच्या दृष्टीने हे हेड उत्तीर्ण, कामाच्या दृष्टीने नापास. घेण्याआधी भिंतीवरची एखादी खूण मध्यभागी धरून, लॉक करून, हात सोडून ती किती सरकते ते पाहावे. चांगल्या हेडला मुख्य लॉकखेरीज घर्षणाचा वेगळा नॉबही असतो, जो साधनाच्या वजनाप्रमाणे एकदा लावून ठेवला की मुख्य लॉक सैल केल्यावर कॅमेरा धाडकन पडत नाही. थंडीत बधिर झालेल्या बोटांनी, अंधारात, कड्याजवळ उभे राहून काम करणाऱ्याला हा नॉब आवश्यकच आहे, त्याची काटकसर करू नये.

सामग्रीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण यावर गरजेपेक्षा जास्त वाद होतात. कार्बन फायबरचा पहिला ट्रायपॉड गिट्झो या कंपनीने १९९४ मध्ये आणला. कार्बनची नळी ॲल्युमिनियमपेक्षा बरीच हलकी असते आणि थरथर लवकर जिरवते; पण सांधे, लॉक आणि खांदा दोन्हींत धातूचेच असल्याने पूर्ण ट्रायपॉडच्या वजनात बचत साधारण पाचव्या हिश्श्याची होते, आणि किंमत बरीच चढते. बजेट अपुरे असेल तर बारीक कार्बनपेक्षा जाड ॲल्युमिनियम घ्यावे आणि थोडे जास्त वजन सोसावे.

मग भारक्षमतेला काहीच महत्त्व नाही का? आहे, पण ते उंबरठ्याचे. आपल्या सर्वांत जड कॅमेरा-लेन्सच्या तिप्पट-चौपट आकडा असला की तो उंबरठा ओलांडला, आणि त्यापुढे दहा किलो असोत की वीस, निवडीसाठी तो आकडा बाजूला ठेवावा. ट्रायपॉडला सॅक टांगणाऱ्यांनी मात्र तो ध्यानात ठेवायला हवा, कारण कॅमेऱ्यासह सॅकचेही वजन त्याच लॉकवर येते. सॅक टांगल्याने ट्रायपॉड वाऱ्याने उलथण्याचा धोका नक्की कमी होतो. पण नळी होती तेवढीच ताठ राहते, आणि अधांतरी सोडलेली सॅक वाऱ्यात झुलून स्वतःच नवी थरथर निर्माण करते. सॅकचा तळ जमिनीला टेकलेला राहील एवढीच दोरी सैल ठेवावी.

सह्याद्रीतल्या एक-दोन मुक्कामांच्या ट्रेकसाठी, मिररलेस कॅमेरा आणि २०० मिलिमीटरपर्यंतच्या लेन्स धरून, माझी शिफारस अशी: वरची नळी २५ ते २८ मिलिमीटर, सेक्शन चार, कॉलमशिवायची उंची १३० ते १४० सेंटिमीटर, हेडचा बॉल ३६ ते ४० मिलिमीटर, आणि कार्बन घेतल्यास दोन्ही मिळून वजन दोन किलोंच्या आत. १३० सेंटिमीटर कमी वाटते, पण हेड आणि कॅमेऱ्याची मिळून वीसेक सेंटिमीटर भर पडते, आणि मध्यम उंचीच्या माणसाला एवढे वाकावे लागणे ही अडचण नव्हे. वजन कमी करायचेच असेल तर ते उंचीतून करावे, जाडीतून करू नये. फक्त वाइड लेन्सने तारे किंवा धबधबे टिपणाऱ्याला २२ मिलिमीटरचे पायही कमी उंचीवर ठेवून चालून जातील. मजबूत पायांवर लहानसे हेड बसवण्याची चूक फार जण करतात, कारण हेड शेवटी घेतले जाते आणि तोवर पैसे संपलेले असतात.

दुकानात ताठपणा तपासायला कॅमेराही लागत नाही. कॉलम खाली ठेवून पाय पूर्ण उघडावेत, हेड लॉक करावे, वरची, कॅमेरा पकडणारी क्लॅम्प चिमटीत धरून घड्याळाच्या दिशेने आणि उलट हलकासा पीळ द्यावा, आणि कोणता भाग सरकतो तिकडे बारीक लक्ष द्यावे. डगडग हेडमध्ये असेल तर दुसरे हेड बसवून भागते. ती पायांच्या वरच्या सांध्यात असेल तर छापलेला आकडा काहीही असो, तो ट्रायपॉड परत ठेवून द्यावा.