एलिझाबेथ कीथची जपानी छापचित्रं : ठसा नेमका कोणाचा?

स्कॉटिश चित्रकार एलिझाबेथ कीथ 1915 साली टोकियोत बहिणीकडे आली आणि तिचा मुक्काम लांबत गेला. 1919 मध्ये ती कोरिया पाहून आली. तिथली जलरंगचित्रं टोकियोत मांडली गेली, तेव्हा एका प्रकाशकाने ती लाकडी ठशांवर छापायचं सुचवलं. जुनी कार्यशाळेची घडी तशीच ठेवून नवी, परदेशी गिऱ्हाइकालाही रुचतील अशी चित्रं काढायचा त्याचा उद्योग होता. शिन हांगा म्हणतात ते हेच.

वाद आहे तो कर्तेपणाचा. चित्र कीथचं, पण कोरणारा वेगळा आणि छापणारा आणखी वेगळा. 1904 नंतर सोसाकु हांगा या छापचित्रांच्या दुसऱ्या चळवळीवाल्यांनी दंडक घातला : स्वतः काढा, स्वतः कोरा, स्वतः छापा. टोकियोतच जन्मलेल्या एका समकालीन अमेरिकन चित्रकर्तीने तो पाळला आणि मिरवलाही. त्या मापाने कीथ उणी ठरवली जाते, ते काही पटत नाही. जुन्या छापचित्रांचा उस्ताद हिरोशिगे तरी कुठे स्वतः कोरत बसला होता?

कामाची रीत बघा. पातळ कागदावरचं रेखाटन चेरीच्या फळीवर पालथं चिकटवायचं आणि रेषा ठेवून बाकीचं लाकूड काढायचं. या मुख्य ठशाच्या छापांवर चित्रकाराने एकेक रंग दाखवायचा. साधारणपणे रंगागणिक वेगळा ठसा. कागद जुळवायला प्रत्येक फळीवर केंतोच्या दोन खुणा असतात, एक काटकोनी, एक सरळ. रंगात भाताची खळ मिसळून तो ब्रशने ठशावर पसरायचा आणि ओलसर कागद बारेनने, म्हणजे हातात धरायच्या चपट्या गोल गादीने, मागून घासायचा. कागद मध्येच वाळला की आकसतो, मग खुणा बिनचूक असूनही रंग रेषेबाहेर जातो. कागदावर आधी दिलेला सरस-तुरटीचा हात कमी पडला तर रंग फुटतो. तुरटी जास्त झाली तर कागद पुढे पिवळट, ठिसूळ होतो. आकाशातली उतरती निळी छटा तर कोरलेलीच नसते, दर प्रतीला छापणाऱ्याने ब्रशने ओढलेली असते. म्हणून एकाच चित्राच्या दोन प्रतींतली संध्याकाळ वेगळी दिसते.

1 सप्टेंबर 1923 च्या टोकियोतल्या भूकंपानंतरच्या आगीत प्रकाशकाचं दुकान, तिथले ठसे आणि छापील प्रती जळाल्या. वाचलेल्या प्रतींवर समासात पेन्सिलीची सही सापडते. ही पाश्चात्त्य सवय. प्रत चित्रकर्तीला मान्य आहे एवढंच ती सांगते, छापली कोणी ते नाही. चौकटीत बसवताना समास कापला गेला असेल, तर तेवढाही पुरावा उरत नाही.