सामाजिक सदृशीकरण

व्यक्ती, कुटुंबे किंवा संस्था यांच्या वागण्याचे नियम संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये मांडून, त्यानुसार एक कृत्रिम समाज टप्प्याटप्प्याने चालवून पाहण्याची आणि त्यातून सामूहिक घडामोडी कशा आकाराला येतात हे तपासण्याची समाजशास्त्रातील संशोधनपद्धती. सदृशीकरण म्हणजे एका खऱ्या प्रक्रियेसारखी प्रक्रिया दुसऱ्या माध्यमात घडवून आणणे; वैमानिकाला जमिनीवरच उड्डाणाचा सराव देणारी यंत्रणा हे त्याचे परिचित उदाहरण. समाजशास्त्रात त्याची गरज वेगळ्या कारणाने पडते. दंगल, स्थलांतर, अफवा किंवा वस्त्यांची फाळणी या गोष्टी प्रयोगशाळेत घडवता येत नाहीत, घडवणे नीतीलाही धरून नसते, आणि इतिहासात त्या ज्या रीतीने घडल्या त्याहून वेगळ्या रीतीने घडल्या असत्या का, हे पाहण्यासाठी इतिहास पुन्हा चालवता येत नाही. संगणकातला समाज मात्र हवा तितक्या वेळा पहिल्यापासून सुरू करता येतो.

सर्वेक्षणातून लोक काय मानतात याची टक्केवारी मिळते. परंतु नेहमीच्या सांख्यिकी पद्धती प्रत्येक उत्तरदात्याला इतरांपासून सुटा धरतात, आणि प्रत्यक्षात तर माणसे एकमेकांकडे पाहूनच वागत असतात. व्यक्तीची इच्छा आणि समूहाचे वर्तन यांच्यामधली ही वाट बेरजेने ओलांडता येत नाही. कोणालाही नको असलेली परिस्थिती सगळ्यांनी मिळून निर्माण करणे हा समाजात नित्य आढळणारा प्रकार आहे, आणि सदृशीकरणाचे सर्वांत टिकाऊ काम याच प्रकारावर झालेले आहे.

त्यातले पहिले नाव टॉमस शेलिंग या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाचे घेतले जाते. अमेरिकी शहरांत कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीय यांच्या वस्त्या इतक्या काटेकोरपणे वेगळ्या का, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी १९६९ आणि १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या लेखांत मांडलेले प्रतिमान (खऱ्या प्रक्रियेचे नियमांत बसवलेले सोपे रूप) मुळात संगणकाविना, पटावर नाणी सरकवून तयार झालेले होते. ते घरी कोणालाही करून पाहता येते. बुद्धिबळाच्या पटाचे चार कोपरे सोडून उरलेल्या ६० घरांत दोन प्रकारची नाणी एकाआड एक मांडावीत. या मांडणीत सगळे समाधानी असतात. आता त्यातली २० नाणी कोठूनही उचलावीत आणि रिकाम्या घरांत पाच नाणी कशीही ठेवावीत. नियम असा, की ज्याला एकच शेजारी आहे त्याला तो आपल्या प्रकारचा हवा; दोन शेजारी असतील तर त्यांतला एक, तीन ते पाच असतील तर दोन आणि सहा ते आठ असतील तर तीन शेजारी आपले हवेत. ज्याची अट पुरी होत नाही ते नाणे अट पुरी होईल अशा जवळच्या रिकाम्या घरात जाते. आठांपैकी पाच शेजारी परके असले तरी चालतील, इतका हा नियम उदार आहे. तरीही एक नाणे हलले की त्याने सोडलेल्या जागेच्या शेजाऱ्यांचे गणित बिघडते, मग ते हलतात, आणि थोड्याच वेळात पटावर दोन प्रकारच्या नाण्यांचे स्वतंत्र पट्टे उमटतात. पटावरच्या एकाही नाण्याला असे पट्टे नको होते. शेजारात आपण अगदीच एकटे पडू नये, एवढेच त्याचे मागणे होते.

यावरून अमेरिकेतील विलगीकरण वंशद्वेषाशिवाय झाले असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल, आणि शेलिंग यांचाही तसा दावा नव्हता. कर्ज नाकारणाऱ्या बँका, करारातील वंशविषयक अटी आणि उघड हिंसा यांचा त्यात मोठा वाटा आहे. प्रतिमान फक्त इतके दाखवते, की तीव्र द्वेष नसला तरी विलगीकरण होऊ शकते. म्हणून नुसते विलगीकरण पाहून द्वेषाचे माप घेता येत नाही.

जवळपास याच कल्पनेला जेम्स साकोडा हे मानसशास्त्रज्ञ आधीच पोचलेले होते, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांतून बहुधा सुटते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या आपल्याच नागरिकांना छावण्यांत डांबले. साकोडा त्यांपैकी एक होते, आणि छावणीतल्या गटांचे परस्परसंबंध ते संशोधक म्हणून नोंदवतही होते. त्यावरच्या १९४९ च्या प्रबंधात त्यांच्या पटाच्या प्रतिमानाची बीजे आहेत. ते प्रतिमान १९७१ साली, शेलिंग यांचा लेख ज्या नियतकालिकाच्या पहिल्या खंडात आला त्याच खंडात, प्रसिद्ध झाले. साकोडा यांचे प्रतिमान अधिक व्यापक होते, कारण त्यात आकर्षण, तिटकारा आणि उदासीनता यांच्या निरनिराळ्या जोड्या घालता येत होत्या, आणि ते संगणकावर चालत होते. पण लोकांच्या लक्षात राहिली ती शेलिंग यांची नाणी.

या पद्धतीला इतर उगमही आहेत. टोर्स्टेन हेगरस्ट्रांड या स्वीडिश भूगोलशास्त्रज्ञाने १९५३ च्या प्रबंधात, शेतकऱ्यांमध्ये नवी सुधारणा एकाकडून दुसऱ्याकडे कशी पसरते हे यादृच्छिक आकड्यांच्या साहाय्याने नकाशावर दाखवले. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ गाय ऑर्कट यांनी १९५७ साली कर आणि लोकसंख्या यांच्या अभ्यासासाठी कुटुंबागणिक हिशेब करणारे सूक्ष्म सदृशीकरण सुचवले. सरकारी धोरणांचे परिणाम अंदाजण्यासाठी ते अनेक देशांत आजही वापरले जाते. १९५९ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या सिम्युलमॅटिक्स कंपनीने जनमत चाचण्यांतून मतदारांचे ४८० प्रकार पाडून १९६० च्या अध्यक्षीय निवडणुकीसाठी डेमोक्रॅटिक पक्षाला अहवाल दिले; तिचा गाजावाजा बराच झाला, पण १९७० पर्यंत ती दिवाळखोरीत निघाली. अमेरिकी अभियंते जे फॉरेस्टर यांच्या प्रणाली-गतिकीवर (एका संपूर्ण व्यवस्थेतील साठे काळानुसार कसे बदलतात याचा हिशेब करणाऱ्या पद्धतीवर) आधारलेले, १९७२ साली जगभर गाजलेले विकासाच्या मर्यादांचे प्रतिमान लोकसंख्या, अन्न आणि प्रदूषण यांचे एकत्रित आकडे समीकरणांत बसवणारे होते. त्यात माणसे दिसत नाहीत, फक्त साठे आणि प्रवाह दिसतात.

समाजशास्त्राच्या दृष्टीने कळीचे काम मार्क ग्रानोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९७८ साली केले. त्यांनी प्रत्येक व्यक्तीला एक उंबरठा कल्पिला, म्हणजे आधी किती जण सामील झालेले दिसले की ती स्वतः सामील होईल तो आकडा. शंभर जणांच्या जमावात हे उंबरठे अनुक्रमे ०, १, २ असे ९९ पर्यंत असतील, तर शून्य उंबरठ्याचा माणूस पहिला दगड फेकतो, त्याला पाहून दुसरा, त्या दोघांना पाहून तिसरा, आणि शेवटी शंभरही जण दंगलीत असतात. आता एकच बदल करायचा: ज्याचा उंबरठा १ होता त्याच्या जागी २ उंबरठ्याचा माणूस आणायचा. पहिला दगड पडतो आणि साखळी तेथेच तुटते. एक दंगलखोर आणि नव्याण्णव बघे. ग्रानोव्हेटर यांनी स्वतःच नोंदवले आहे, की वर्तमानपत्रे पहिल्या जमावाला हुल्लडबाज ठरवतील आणि दुसऱ्या प्रसंगात एका माथेफिरूने काच फोडली असे छापतील, वास्तविक दोन्ही जमाव जवळजवळ एकच आहेत. उंबरठ्यांची सरासरी २५ ठेवून त्यांचे प्रमाण विचलन, म्हणजे ते सरासरीभोवती किती पसरलेले आहेत याचे माप, वाढवत नेले, तर सुमारे १२.२ पर्यंत सामील होणाऱ्यांची संख्या सहाच्या वर जात नाही आणि त्यानंतर ती एकदम शंभराजवळ उडी घेते. लोकांची सरासरी मनःस्थिती मोजून जमावाचे भाकीत का करता येत नाही, याचे याहून स्वच्छ उत्तर सापडणे कठीण आहे.

संगणक स्वस्त झाल्यावर कर्त्यांवर आधारलेली प्रतिमाने पुढे आली. अशा प्रतिमानात प्रत्येक ‘कर्ता’ म्हणजे स्वतःची स्थिती, स्मरण आणि नियम असलेला प्रोग्रॅमचा एक तुकडा असतो. तो शेजाऱ्यांची स्थिती वाचतो, नियमाप्रमाणे कृती करतो, आणि वरून कोणी हुकूम देत नाही. १९९६ साली जोशुआ एपस्टाइन आणि रॉबर्ट अ‍ॅक्स्टेल यांनी ५० गुणिले ५० घरांच्या पटावर साखरेचे दोन डोंगर कल्पून त्यावर साखर गोळा करणारे कर्ते सोडले. दृष्टीचा पल्ला आणि पोटाची गरज एवढाच त्यांच्यात फरक असताना काही काळाने संपत्तीची तीव्र विषमता दिसू लागली. रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड यांनी १९९७ साली विचारले, की माणसे सहवासाने एकमेकांसारखी होत जातात, तर सगळे एकसारखे का होत नाहीत? त्यांच्या प्रतिमानात सारखेपणा जितका जास्त तितका संवाद अधिक होतो, आणि संवादाने सारखेपणा आणखी वाढतो; परिणामी गट आतून एकजिनसी होतात, पण ज्यांच्यात काहीच सामाईक उरले नाही अशा शेजारी गटांमधले बोलणे कायमचे थांबते. १९९८ साली या विषयाला वाहिलेले स्वतंत्र नियतकालिक निघाले आणि १९९९ पासून उपलब्ध झालेल्या नेटलोगो या मोफत सॉफ्टवेअरमुळे प्रोग्रॅमिंगचा फारसा सराव नसलेल्या विद्यार्थ्यांनाही प्रतिमान रचता येऊ लागले.

प्रतिमान खऱ्या पुराव्याशी ताडून पाहण्याचा गाजलेला प्रयत्न अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यातल्या लाँग हाउस खोऱ्यावर झाला. झाडांच्या खोडांतील वर्षवलयांवरून पर्जन्यमान आणि त्यावरून मक्याचे पीक अंदाजून, इ. स. ८०० ते १३५० या काळातली कुटुंबे संगणकात वसवण्यात आली. लोकसंख्येचा चढउतार उत्खननाच्या पुराव्याशी बऱ्यापैकी जुळला, पण शेवट जुळला नाही: १३०० च्या सुमारास खरे खोरे पूर्ण ओस पडले, संगणकातले मात्र थोडी वस्ती टिकवून राहिले. दुष्काळाने लोक कमी झाले असतील, पण उरलेले का निघून गेले याचे कारण सामाजिक असावे, हा अंदाज या न जुळण्यातूनच मिळाला.

भारतात अशा प्रतिमानांकडे सर्वसाधारण वाचकांचे लक्ष वेधले गेले ते करोनाच्या साथीत. २०२० साली बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांच्या संशोधकांनी दोन्ही शहरांची कर्त्यांवर आधारलेली प्रतिमाने तयार केली. त्यांत २०११ च्या जनगणनेच्या आधारे सुमारे १.२४ कोटी कृत्रिम मुंबईकर घरे, शाळा, कार्यालये आणि वस्त्या यांत विभागलेले होते. लोकल गाड्या आणि कचेऱ्या कोणत्या क्रमाने सुरू केल्यास संसर्ग किती वाढेल हे त्यावर तपासले गेले. दाट झोपडपट्टी आणि उर्वरित शहर यांतील संपर्काचे प्रमाण वेगळे धरणे येथे निर्णायक होते. जुलै २०२० मध्ये महापालिकेच्या तीन विभागांत झालेल्या रक्ततपासणीत झोपडपट्ट्यांतील सुमारे ५७ टक्के आणि इतर वस्त्यांतील सुमारे १६ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली. मुंबईला एकसंध लोकसंख्या धरणारे कोणतेही समीकरण येथे तोंडघशी पडले असते.

पद्धतीवरचे आक्षेप गंभीर आहेत. एकच परिणाम अनेक वेगवेगळ्या नियमांतून निघू शकतो, त्यामुळे प्रतिमानाचा आकृतिबंध वास्तवाशी जुळला म्हणजे नियम खरा ठरला असे नव्हे. हा दोष पद्धतीचे पुरस्कर्ते तोंडाने मान्य करतात, पण निष्कर्षाच्या परिच्छेदात अनेकदा विसरतात. नियमातला किरकोळ वाटणारा तपशीलही निकाल उलटवू शकतो. २००६ साली एलिझाबेथ ब्रुच आणि रॉबर्ट मेअर यांनी असे मांडले, की शेलिंग यांचा परिणाम उंबरठ्याच्या अचानक उडीमुळे येतो आणि पसंती हळूहळू बदलत असेल तर विलगीकरण फारसे होत नाही. २००९ साली तीन संशोधकांनी, या दोघांचा लेख ज्यात आला होता त्याच नियतकालिकात, तो निष्कर्ष टिकत नसल्याचे दाखवले. दुसऱ्याचे प्रतिमान पुन्हा चालवून पाहता यावे यासाठी त्याचे वर्णन कसे लिहावे याचा एक सामाईक आराखडा २००६ पासून प्रचलित आहे, तरी मूळ प्रोग्रॅम खुला न ठेवणारे लेख अजूनही छापून येतात.

२०२३ पासून मोठ्या भाषिक प्रारूपांना, म्हणजे अफाट मजकुरावरून शिकून माणसासारखी भाषा लिहिणाऱ्या संगणकीय प्रणालींना, कर्ते बनवण्याचे प्रयोग सुरू झाले आहेत. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा २५ कर्त्यांचे एक छोटे गाव चालवून दाखवले, जेथे ते गप्पा मारत, बेत आखत आणि एकमेकांना मेजवानीचे आमंत्रण देत. हे कर्ते नाण्यांपेक्षा कितीतरी माणसांसारखे बोलतात. मात्र नाणे का हलले हे एका वाक्यात सांगता येत होते. हा कर्ता तसा का वागला, हे त्याला गावात सोडणाऱ्या संशोधकालाही सांगता येत नाही.