अर्ध्या गोळीत औषध किती?

चिठ्ठीवर ‘½ – ० – ½’ असं लिहिलेलं असतं. अर्धी सकाळी, दुपारी काही नाही, अर्धी रात्री. लिहिणाऱ्याचं काम तिथे संपतं, मोडणाऱ्याचं घरी सुरू होतं. विदर्भातल्या खेड्यात त्यासाठी सगळ्यात आधी हात जातो तो पानाच्या डब्यातल्या अडकित्त्याकडे. रोज सुपारी कातरणाऱ्या माणसाला गोळी म्हणजे काय मोठी गोष्ट वाटणार? अडकित्ता नसेल तर विळी, दाढीचं ब्लेड, आणि काहीच हाताशी नसेल तर दात. तालुक्याच्या मेडिकलमध्ये एखाद्या बाईने “पाव गोळी कशी करू जी?” असं विचारलं, तर “करा अंदाजे, काही होत नाही” हे उत्तर ठरलेलं.

काही होत नाही हे काही औषधांच्या बाबतीत खरंच आहे. काहींच्या बाबतीत ते धोक्याचं आहे. फरक कुठे पडतो, तो हाताच्या सफाईपेक्षा औषधाच्या स्वभावावर जास्त ठरतो.

आधी गोळीत काय असतं ते पाहू. बीपीची अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलीग्रॅमची गोळी घ्या. पाकिटावरचे ५ मिलीग्रॅम म्हणजे नुसतं औषध. अख्ख्या गोळीचं वजन त्याच्या कितीतरी पट असतं. बाकीचा सगळा भराव: सेल्युलोजची भुकटी, स्टार्च, काही गोळ्यांत लॅक्टोज, आणि गोळी यंत्राच्या साच्याला चिकटू नये म्हणून किंचित मॅग्नेशियम स्टीअरेट. हा भराव नसता तर औषध चिमटीतही धरता आलं नसतं. थायरॉईडची गोळी तर आणखी पुढची. ती २५ मायक्रोग्रॅमचीही असते, आणि मायक्रोग्रॅम म्हणजे मिलीग्रॅमचा हजारावा भाग. गोळीचं वजन १०० मिलीग्रॅम धरलं, तर तिच्यात औषध चार हजारांत एक भाग.

“मग काट्यावर तोलू ना,” असं कोणी म्हणेल. स्वयंपाकघरातला काटा १ ग्रॅमच्या खाली बघत नाही. त्याला छोटी गोळी दिसायचीच नाही. सराफाचा इलेक्ट्रॉनिक काटा १० मिलीग्रॅमपर्यंत दाखवतो. (जुन्या सराफांची गुंज साधारण १२० मिलीग्रॅमची, म्हणजे एका लहान गोळीएवढी. तेव्हा गोळी तोलायला सराफाकडे जाणं अगदीच वेडेपणाचं नाही.) असा काटा दोन तुकड्यांतला मोठा कोणता हे बरोबर सांगेल. पण तो तोलणार भराव. औषध त्यात सारखं मिसळलेलं आहे, हे आपण गृहीत धरायचं.

कारखान्यात ते तपासलेलं असतं. भारतीय औषधसंहितेनुसार (औषधांच्या दर्जाचे अधिकृत नियम) गोळीत औषध १० मिलीग्रॅमपेक्षा किंवा वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर एकेका गोळीतलं औषध वेगळं मोजून पाहावं लागतं. वजनाचेही नियम आहेत: ८० मिलीग्रॅमपर्यंतच्या गोळीला सरासरीपासून १० टक्के, ८० ते २५० मिलीग्रॅमच्या गोळीला साडेसात टक्के आणि त्याहून जड गोळीला ५ टक्के इकडेतिकडे चालतं. म्हणजे अख्खी गोळीसुद्धा काटेकोर नसते. तिने तसं असावं अशी कोणाची अपेक्षाही नसते.

मोडल्यावर काय चालतं, याचा निकष युरोपच्या औषधसंहितेत दिला आहे. खाच (मोडण्यासाठी मधोमध पाडलेली रेघ) असलेल्या ३० गोळ्या हाताने मोडायच्या, प्रत्येकीचा एक तुकडा तोलायचा. तीसपैकी फार तर एक तुकडा सरासरीच्या ८५ ते ११५ टक्क्यांच्या बाहेर गेलेला चालतो, आणि ७५ ते १२५ च्या बाहेर एकही नाही. इतकी सूट मिळते ती खाच असलेल्या गोळीला. खाच नसलेली, गोल आणि कडक गोळी अडकित्त्यात धरली की पातं एका बिंदूवर दाब देतं, गोळी फुटते आणि तुकडे पडतात तीन: एक मोठा, एक लहान, आणि एक कुठे उडाला ते कोंबडीलाच माहीत. शिवाय ताटलीत उरलेली पांढरी भुकटी, तीही औषधच. पाव करायला गेलं की पहिल्या मोडीची चूक दुसऱ्या मोडीत आणखी वाढते. मेडिकलमध्ये गोळी कापायची छोटी प्लास्टिकची डबी मिळते, तिच्यात पातं आणि गोळी अडकवायची जागा असते. ती अडकित्त्यापेक्षा नक्की बरी. खाचेची गोळी मात्र दोन्ही हातांच्या चिमटीत धरून खाचेवरच मोडावी, पात्याची गरज पडत नाही.

आता खरा हिशेब. समजा गोळी ६० आणि ४० अशी तुटली. आज साठचा तुकडा गेला, उद्या चाळीसचा. दोन दिवसांची बेरीज शंभरच. प्रश्न एवढाच, की हे दोन दिवस शरीर एकत्र धरतं की वेगवेगळे? ते ठरतं औषध शरीरात किती मुक्काम करतं त्यावर. रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ हा त्याचा मापदंड. अ‍ॅम्लोडिपिनला साधारण ३० ते ५० तास लागतात. रोज एक डोस घेणाऱ्याच्या अंगात आधीच्या दिवसांचा साठा असतोच. ४८ तास धरून गणित केलं, तर कुठल्याही वेळी डोस घेतल्या घेतल्या अंगात रोजच्या मात्रेच्या जवळजवळ साडेतीन पट औषध असतं. त्यात आजचा डोस २० टक्क्यांनी कमी पडला, तरी एकूण साठ्यात फरक सहा टक्क्यांच्या आसपास. थायरॉक्सिनला, म्हणजे थायरॉईडच्या गोळीतल्या औषधाला, निम्मं व्हायला सुमारे आठवडा लागतो. तिथे साठा दहा डोसांहून जास्त, आणि तोच २० टक्क्यांचा फरक जेमतेम दोन टक्क्यांचा राहतो.

हे गणित ज्याला कळलं, त्याला एक सवय आपोआप सोडावी लागते: रविवारी बसून पूर्ण पट्टीचे तुकडे करून डबीत भरून ठेवणं. एका गोळीचे दोन तुकडे पाठोपाठ घेतले तरच बेरीज शंभर होते. वीस तुकड्यांच्या ढिगातून वेचायला लागलो की मोठे आधी संपतात, चुरा शेवटी उरतो. त्यातून उघडा तुकडा दमट हवेत मऊ पडतो, आणि चंद्रपूर-नागपूरचा मे महिना ४५ अंशांचा. पाकिटावर मात्र २५ किंवा ३० अंशांखाली ठेवा असं छापलेलं. थायरॉक्सिनला उष्णता, ओल आणि उजेड तिन्ही सोसत नाहीत. त्याच्या २५, ५०, ७५, १०० मायक्रोग्रॅमच्या गोळ्या मिळतात. तेव्हा मोडण्याआधी नेमक्या ताकदीची गोळी मागणं शहाणपणाचं.

ज्या औषधाचा मुक्काम थोडा आणि परिणाम तिखट, तिथे हा हिशेब उलटतो. साखरेची ग्लिमेपिराइड २ मिलीग्रॅमची गोळी अर्धी करून घेणारे खूप. मोठा तुकडा पोटात गेला, त्या दिवशी उपास असला किंवा निंदणाला जायच्या घाईत जेवण राहिलं, तर साखर त्याच दुपारी उतरते. उद्याचा लहान तुकडा त्या माणसाला वाचवायला येत नाही. ग्लिमेपिराइडची १ मिलीग्रॅमची गोळी कुठल्याही मेडिकलमध्ये असते. रक्त पातळ करायचं वॉरफेरिन, हृदयाचं डिगॉक्सिन, फिटचं फेनिटॉइन यांच्यात पुरेसं आणि जास्त यांतलं अंतर फार थोडं. इथे घरचा अंदाज नकोच. मात्रा बदलायची असेल तर डॉक्टरांनीच.

काही गोळ्या तर मोडायच्याच नसतात, आणि नेमक्या त्याच मोठ्या असल्याने लोक मोडतात. नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर अशी अक्षरं असलेली मेटफॉर्मिनची लांबुळकी गोळी गिळताना घशात अडते, म्हणून तिचे दोन तुकडे होतात. ती दिवसभर हळूहळू विरघळावी अशी बांधलेली असते. चुरा केला की दिवसभराचं औषध एकदम सुटतं. काही थोड्या एसआर गोळ्या खाचेवर मोडायला चालतात, पण त्या कोणत्या ते पाकिटावरच्या माहितीत असतं, दिसण्यावरून कळत नाही. दोन रंगांची गोळी दिसली तर समजावं, आत बहुधा दोन वेगळे थर आहेत. पित्ताच्या पॅन्टोप्राझोलवर आवरण असतं, कारण ते औषध जठरातल्या आम्लात टिकत नाही. ते आवरण फोडलं की औषध पोटातच वाया.

लहान मुलांचं प्रकरण याहून नाजूक. ताप आला, घरात पॅरासिटामॉल ५०० आहे, बाळ ८ किलोचं. त्याला एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलीग्रॅम, म्हणजे ८० ते १२० मिलीग्रॅम लागतं. मग गोळी १० मिलिलिटर पाण्यात विरघळवायची आणि त्यातला पाव भाग पाजायचा, ही युक्ती बऱ्याच घरांत चालते. फक्त ती विरघळत नाही. साध्या पाण्याच्या एका मिलिलिटरमध्ये पॅरासिटामॉल १४ मिलीग्रॅमच्या आसपासच विरतं. १० मिलिलिटरमध्ये विरणार जेमतेम १४० मिलीग्रॅम. बाकीचं कण होऊन खाली बसणार. फवारणीच्या पंपात टाकलेली पावडर न ढवळता ठेवली तर एका ओळीवर नुसतं पाणी पडतं आणि दुसऱ्या ओळीवर पऱ्हाटी जळते, तेच वाटीत होतं. वरवरचं पाणी पाजलं तर ताप उतरत नाही, आणि तळचा घोट गेला तर मात्रा कितीतरी पट.

त्यापेक्षा सिरप घ्यावं. तिथेही एक सापळा आहे. पॅरासिटामॉलच्या ड्रॉप्सच्या १ मिलिलिटरमध्ये १०० मिलीग्रॅम औषध असतं, तर सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये १२५ किंवा २५०. ड्रॉप्सची छोटी बाटली सिरप समजून ५ मिलिलिटर पाजली, तर ५०० मिलीग्रॅम गेले, म्हणजे आपल्या ८ किलोच्या बाळाला चार पटींहून जास्त. आणि मोजायला घरचा चमचा नको. एकाच घरातल्या दोन चमच्यांत सारखं मावत नाही. सुई नसलेली ५ मिलिलिटरची सिरिंज थोड्या पैशांत मिळते.

सरकारच्या कार्यक्रमांतही अर्धी गोळी आहे. जुलाबात आशाताई झिंकची २० मिलीग्रॅमची गोळी १४ दिवस द्यायला देते. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला तिचीच अर्धी, चमच्यात आईच्या दुधात विरघळवून. जंतांच्या अल्बेंडाझोलची एक ते दोन वर्षांच्या मुलाला अर्धी, कुटून पाण्यातून. ही औषधं थोडं कमीजास्त सोसतात, म्हणून इथे हाताने मोडलेली अर्धी चालते.

सगळ्यात अवघड गोळी मात्र विदर्भाच्याच वाट्याची. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णाला हायड्रॉक्सियुरिया देतात. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, मेळघाट इथे हा आजार घराघरांत माहीत आहे, आणि १ जुलै २०२३ पासून त्याच्यासाठी राष्ट्रीय मोहीमही सुरू आहे. हे औषध नेहमी मिळतं ते ५०० मिलीग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये. मात्रा साधारण किलोमागे १० ते २० मिलीग्रॅम. दहा किलोच्या पोराला १०० ते २०० मिलीग्रॅम लागणार, आणि कॅप्सूल तर मोडताही येत नाही. गंमत अशी, की हे औषध रक्तातून काही तासांत निघून जातं, तरी त्याचा परिणाम अस्थिमज्जेवर (हाडांतला मगज, जिथे रक्त तयार होतं) आठवड्यांनी साचत जातो. म्हणून काही डॉक्टर रोजचा हिशेब सोडून आठवड्याची बेरीज बसवतात: काही दिवस कॅप्सूल, काही दिवस नाही. मुलांसाठी पातळ औषधही आता तयार होतं, पण ते गावापर्यंत पोचेल याची खात्री नाही.

कॅप्सूल उघडून भुकटी वाटून घेणं हा घरचा उपाय इथे करू नये. ही भुकटी पेशींच्या वाढीवर काम करते, ती हाताला किंवा श्वासात लागू नये, आणि गरोदर बाईने तर तिला स्पर्शही करू नये. डॉक्टरांनी पाण्यात विरघळवून द्यायला सांगितलं असेल, तर पाणी किती, त्यातलं पाजायचं किती आणि उरलेल्याचं काय करायचं, या तिन्ही गोष्टी चिठ्ठीवर लिहून घ्याव्यात. हातमोजे घालावेत, वाटी-चमचा त्या कामाला वेगळा ठेवावा. रक्ततपासणीची तारीख मात्र सोयाबीन काढणीत असो की पोळ्याला, पुढे ढकलू नये. पांढऱ्या पेशी फार उतरल्या तर औषध थांबवावं लागतं, आणि ते रिपोर्टशिवाय कळत नाही.